या वर्षीचे बटाटे

— आणि बूट तिथे नकोत रे, त्या ट्रेमध्ये ठेव, बर्फ वितळतो आणि सगळं पाणी जाजमाखाली जातं — हां, असं. बॅग राहू दे दारातच, पळून नाही जायची. बस. नाही, त्या खुर्चीवर नको — म्हणजे बस, बस, खुर्चीच ती, कुणाचं नाव लिहिलेलं नाही — पण नको, इकडे बस, हीटरपाशी. जॅकेट काढ की. नाही काढायचं? बरं, राहू दे. पहिल्या दिवशी कुणीच काढत नाही. चौदा वर्षं झाली मी आइस हॉकी संघाची बाहेरगावची पोरं घरात ठेवून घेतेय, अकरा झाली आजवर, तू बारावा, आणि एकाही बाप्याने पहिल्या दिवशी जॅकेट काढलं नाही. एक होता, तो तर तीन दिवस घालून जेवला, चौथ्या दिवशी त्यावर सूप सांडलं तेव्हा कुठे निघालं ते — हस की जरा. मला मिसेस के म्हणायचं. किंडराचुक म्हणायला गेलास तर जेवण निवेल. कोबीच्या पानात भात भरलाय, वर हे क्रीम घे, भरपूर घे. बटाटे नाही केले आज. आमच्याकडे बटाट्याशिवाय ताट वाढत नाहीत, पण आज नाही केले, आणि का नाही केले ते विचारू नकोस.

काय बाई तरी दिवस! रीस मॅकआस्किल माझ्या स्वयंपाकघरात बसून कोबी खातोय. अर्ध्या मोसमात एकतीस गोल! तुला माहितेय, गेले तीन आठवडे या विलो बेंड गावात दुसरं कुणी काही बोललेलंच नाही? पोस्टात तेच, चर्चमध्ये तेच, दवाखान्यात दाताचं यंत्र माझ्या तोंडात घालून डॉक्टर मला विचारतोय — मॅकआस्किलला आणावं का हो, मिसेस के? — आणि मी आ वासून पडलेली, उत्तर कसं देणार? अर्धं गाव हो म्हणतंय, अर्धं नको. नको म्हणणाऱ्यांचा म्होरक्या आमचा ओरेस्ट, हार्डवेअरचं दुकान आहे त्याचं, खिळे मोजता मोजता भांडतो. म्हणे, मार्लीन, पोरगा विसाचा झाला, एप्रिल आला की वयाने लीगबाहेर जाणार, तीन महिन्यांच्या पाहुण्यासाठी घरचा गोऱ्हा देतं का कुणी? म्हातारा घोडा म्हणाला तुला — रागावू नकोस, त्याचं तोंडच तसलं, पण खोटं काय त्यात, आमच्या लीगमध्ये माणूस विसाव्या वर्षी म्हातारा होतो आणि सतराव्या वर्षी गोऱ्हा असतो, त्याला कोण काय करणार. मी म्हटलं, ओरेस्ट, तुझ्या गोऱ्ह्यांनी आजवर कप आणला का? एकतीस वर्षं झाली. एकतीस! आमचं लग्न झालं त्या वर्षी आपल्या ट्रॅपर्सनी, आपल्या संघानी, कप जिंकला, आणि वॉल्टरला वाटलं दरवर्षीच जिंकणार. बिचारा वाट बघत बसला. चार वर्षांपूर्वी नोव्हेंबरात गेला, ऐन मोसमात, आणि दवाखान्यातसुद्धा मला काय विचारलं असेल — काल किती झाले? मी म्हटलं चार-एक. आपले चार? हो म्हटलं, आपले. त्यांचे होते चार. जाणाऱ्या माणसाला काय सांगायचं? अजून दोन तिकिटं काढते मी. त्याच्या खुर्चीवर माझा कोट ठेवते. गावातला तो एकच कोट, ज्याचं तिकीट आहे.

म्हणून मला तू हवा होतास. हे तोंडावर सांगते, मला आडून बोलता येत नाही. म्हणजे — येतं. तेच तर सगळं येतं.

हे बघ, आम्ही पोरं ठेवून घेतो ना, तेव्हा संघ एक कागद देतो सही करायला. आठ वाजता दिवे बंद, शाळेचा अभ्यास, बिअर नाही, पोरी खाली खोलीत न्यायच्या नाहीत — आणि खाली शेवटी, की घरातल्या पोरांबद्दल आणि संघासंघांतल्या पोरांच्या अदलाबदलीबद्दल बाहेर चकार शब्द बोलायचा नाही. बरोबरच आहे. आईने पोराचा भाव करायचा नसतो. पण आमच्या रेडिओवर दर मंगळवारी चार ते पाच डेलचा कार्यक्रम असतो, लोक फोन करून ट्रॅपर्सबद्दल बोलतात. वॉल्टर गेल्यावर चारची वेळ फार वाईट जायची रे. पोरं सरावाला, बाहेर अंधारून यायला लागलेलं, घरात फ्रिजचा आवाज तेवढा. एका मंगळवारी लावला फोन. डेल विचारतो ना — कोण बोलतंय, कुठून? — आणि मला तो कागद आठवला, आणि तोंडातून निघालं, लोरेटा बोलतेय, मिल रोडवरून. लोरेटा कोण? वॉल्टरच्या आईची गाय. आणि मिल रोडवर एक बंद गिरणी आहे फक्त, घर नाही एकही. चार वर्षं बोलतेय मी लोरेटा होऊन. ताकाला जाऊन भांडं लपवायचं दुसरं काय, सगळ्या गावाला आवाज ओळखू येतो, दुकानात ओरेस्ट मला मुद्दाम विचारतो, काय गं, लोरेटाचं काय म्हणणं आहे? आणि मी म्हणते, कोण लोरेटा? पण तुला सांगते, लोरेटा भारी बोलते. मार्लीनला नाही जमत तसं. डेल हसतो तिला. म्हणतो, लोरेटा, तुझा फोन आला की बाकीच्या लाइन पेटतात.

खा. खातोयस कुठे, नुसता ढवळतोयस. मीठ हवं? हे घे.

तर गेल्याच्या गेल्या — नाही, याच मंगळवारची गोष्ट, आज शुक्रवार नाही का, मला महिना झाल्यासारखं वाटतंय. गुरुवारी दुपारी बाराला अदलाबदलीची मुदत संपणार होती. ओरेस्टने फोन केला आधी, आपलं तेच गोऱ्ह्याचं पुराण. मग मी लावला. डेल म्हणतो, लोरेटा, ग्रँट रिव्हरवाले मॅकआस्किल द्यायला तयार आहेत म्हणे, पण त्यांना आपला एक सतरा वर्षांचा बचावातला पोरगा हवाय. द्यायचा का? आणि मी म्हटलं — थांब, शब्दन् शब्द सांगते, मला पाठ झालंय ते — मी म्हटलं, अरे डेल, सतरा वर्षांची पोरं काय, बटाट्यांसारखी असतात, दर वर्षी निघतात. एक पोतं गेलं तर दुसरं येतं. कप कुठे जमिनीतून निघतो का? द्या म्हणावं, कुणीही द्या! डेल एवढा हसला, एवढा हसला, त्याला जाहिरात लावावी लागली. उचलली जीभ लावली टाळ्याला. फोन ठेवला आणि मी इथे, या ओट्याशी, एकटीच हसत होते. आणि बटाटे सोलत होते.

मला काय माहीत माझ्या घरचा एमेटच जाणार ते? सतराचे बचावातले तीन आहेत आमच्याकडे. मला वाटलं तो श्मिटचा लांबुडका असेल, किंवा तो दुसरा, सारखा पडतो तो. माझ्या डोक्यातसुद्धा नाही आलं की —

नाही. खोटं कशाला बोलू, तू माझं मीठ खातोयस. आलं होतं. तेव्हाच आलं होतं, बोलता बोलता. तिघांत चांगला एमेट. समोरचा संघ अडाणी आहे का, वाईट मागायला? बटाट्याचा ब काढला तेव्हाच आत कुठेतरी कळलं होतं मला, की हे आपल्याच कोठीतलं पोतं आहे. पण डेल हसायला लागला होता ना. एकदा समोरचं माणूस हसायला लागलं की माझं तोंड थांबत नाही. चार वर्षांत कोण हसतं एवढं माझ्या बोलण्यावर?

एमेट हसायचा. म्हणजे मोठ्याने नाही. असा नाकातल्या नाकात, खांदे हलायचे नुसते. दीड वर्ष होता माझ्याकडे, तुला त्याचीच खोली दिलीय, खाली, पायऱ्या उतरलास की उजवीकडे. दूध न घालता कोरडं सीरियल खायचा, घोड्यासारखं कुडुम कुडुम, सकाळी सहाला सगळ्या घरात ऐकू यायचं. वॉल्टरचे रबरी बूट घालून बर्फ काढायचा, दोन नंबर मोठे होते त्याला, पण म्हणायचा, मिसेस के, हेच दाराशी असतात ना, सोपं पडतं. मी कधी सांगितलं नाही त्याला बर्फ काढ म्हणून. माझा स्वतःचा मुलगा एडमंटनमध्ये असतो, आईच्या वाढदिवसाला फुलांचं चित्र पाठवतो फोनवर. चित्र! आणि हा — अकरा पोरांत सगळ्यात कमी बोलणारा हा. बाहेरगावी मॅचला गेला की बस पोचल्याबरोबर फोन यायचा. दोन शब्द. ‘पोचलो, मिसेस के.’ संपलं. रात्री असो, पहाट असो. बाकीची पोरं चिडवायची त्याला, तरी करायचा.

तू विचारशील, ऐकलं का त्याने? लोकांना मी सांगते, नाही ऐकलं. तो तेव्हा गाडीत होता सरावावरून येताना, आणि त्याच्या गाडीचा रेडिओ बिघडलेला होता. होता. ऑक्टोबरपासून बिघडलेला होता. आणि नाताळात मीच त्याला नवा आणून दिला. ओरेस्टच्या दुकानातून, ओरेस्टनेच बसवून दिला.

साडेपाचला आला घरी त्या मंगळवारी. बूट ट्रेमध्ये ठेवले. हात धुतले. त्या तिथे बसला, त्या खुर्चीवर. मी वाढलं. मटणाचे गोळे आणि बटाटे, लोण्यातले. चुपचाप खाल्लं सगळं, ताट पुसून. आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘या वर्षीचे बटाटे चांगले निघालेत, मिसेस के.’

एवढंच. रागाने नाही हं. टोमणा म्हणूनही नाही, त्याला टोमणा येतच नाही मारता. त्याला माझ्या तोंडून ऐकायचं होतं, की मी बोलले ते खरं नाही. दार उघडून दिलं होतं पोराने, मी फक्त आत यायचं होतं. आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, ‘हो, यंदा पाऊस बरा झाला.’ पावसाचं बोलले मी. पावसाचं! शहाण्णव तास झाले — नाही, बहात्तर — मी दुसरं काही ऐकतच नाहीये डोक्यात. त्याने मान हलवली, ताट धुतलं, खाली गेला. लोरेटाला सगळं बोलता येतं, आणि मार्लीनला एवढं म्हणता नाही आलं — बाळा, चुकले.

बुधवार गेला. म्हटलं, होणार नाही काही, उगाच कशाला जखम उकरायची. आपलेच दात आपलेच ओठ. गुरुवारी साडेअकराला दारात संघाचा मॅनेजर. टोपी हातात. त्यांच्या हातात टोपी दिसली की आम्हाला कळतं, घरातलं पोर दुसऱ्या संघाला दिलं. जाता जाता मला म्हणतो कसा, मिसेस के, काय करणार, गावालाच मॅकआस्किल हवा होता, मंगळवारनंतर ऑफिसचा फोन थांबला नाही. आणि डोळा मारला मला! थट्टेने रे, थट्टेने. ओरेस्ट म्हणतो, तुझ्या फोनने काय होतंय, अदलाबदल कधीचीच ठरली होती, फोनवर गोऱ्हे विकले जातात का? आयुष्यात पहिल्यांदा माझी बाजू घेतली त्याने, आणि मला ती नको झाली.

आज सकाळी गेला. साडेसहाला. तू सातला निघालास ना तिकडून? म्हणजे रस्त्यात कुठेतरी तुम्ही एकमेकांना ओलांडलं असणार, तो तिकडे, तू इकडे, कदाचित एकाच पंपावर कॉफी घेतली असेल. निघायच्या आधी पलंगावरच्या चादरी काढून, चौकोनी घडी करून वर ठेवून गेला. आणि अंधारात उठून पायऱ्यांवरचा बर्फ काढला. दाराच्या, तू चढून आलास त्याच पायऱ्या. मी खिडकीतून बघत होते. म्हटलं, कुणासाठी काढतोय हा, याला तर परत चढायच्या नाहीत. तुझ्यासाठी काढत होता. बरंच केलं म्हणायचं, कारण मी बघितलं तू कसा चढलास ते. डावा पाय आधी, मग उजवा शेजारी आणून ठेवायचा, मग पुन्हा डावा. गुडघा ना?

बोलू नकोस, नको बोलूस. तिकडच्यांनी सांगितलं नसेल आमच्यांना. तूही सांगितलं नसशील, विसाव्या वर्षी कोण सांगतं, तीन महिने उरलेत हातात. मी नाही सांगणार कुणाला. अरे, खरंच नाही सांगणार — असा काय बघतोस? हो, मीच म्हणतेय, मी, रेडिओवाली. जेवण झालं की बर्फाची पिशवी देते, वीस मिनिटं ठेवायची. ओरेस्ट म्हणाला म्हातारा घोडा, आणि तिकडे ग्रँट रिव्हरमध्येही कुणीतरी म्हणालंच असेल की रेडिओवर, द्या म्हणावं, गुडघा गेलेला आहे. त्या वेळी तू गाडीत होतास का रे? तुझ्या गाडीचा रेडिओ चालतो?

बरं. नाही विचारत.

तुझी ती तिकडची बाई कशी आहे? मिसेस डनफिल्ड ना? तिच्याच घरी तुझ्या खोलीत त्याला ठेवलाय, मॅनेजर म्हणाला, सोपं पडतं म्हणे, पलंग रिकामाच आहे. म्हणजे आत्ता तो तिच्या टेबलाशी बसला असेल जॅकेट घालून, आणि ती वाढत असेल. काय करते ती? मासे तर नाही ना करत? त्याला मासे चालत नाहीत, पण तो सांगणार नाही, खाईल गुपचूप आणि रात्रभर पोट धरून बसेल. बोलते का ती? फार बोलणारी नाही ना? नको, फार बोलणारी नको त्याला आता.

पोचला असेल. अडीचलाच पोचायला हवा होता. दारात म्हटलं मी त्याला, पोचलास की फोन कर. हो म्हणाला. आता चार वाजत आले. आणि मी नाही करणार. आमचा नियम आहे, आम्हा ठेवून घेणाऱ्या बायकांचा, कुठल्या कागदावर नाही, पण आहे — गेलेल्या पोराला पहिला महिना आपण फोन करायचा नाही. मागचं घर सारखं हाक मारत राहिलं तर पोराला पुढचं घर लागत नाही. मीच शिकवलाय तो बाकीच्या बायकांना. मीच!

तू केलास का फोन? मिसेस डनफिल्डला? दोन वर्षं जेवलास तिच्याकडे आणि पोचलो म्हणून सांगितलं नाहीस? शोभतं का हे? तोंड पूस, ऊठ, तो भिंतीवरचा घे, नंबर पाठ आहे ना? लाव. ती बसली असेल तिकडे ओट्याशी, तिलाही चारची वेळ असेलच की. मी ऐकत नाहीये, मी इकडे तोंड करून भांडी घासते. फक्त पोचलो म्हण. आणि तिने आपण होऊन काही सांगितलं, की इकडचा मुलगाही पोचला, जेवला — तर ऐकून घे. विचारू नकोस तू. ऐकून घे.

वाजतोय? किती वेळा वाजला? बाहेर गेली असेल. दुकानात गेली असेल, कोबी आणायला. राहू दे, ठेव, नंतर कर —

काय? उचलला? मग बोल की. सांग पोचलो म्हणून... काय झालं? असा का धरलास फोन? ती नाही? मग कोण — तो?

नको. नको, माझ्याकडे नको देऊस, नियम आहे, म्हटलं ना मी तुला. हात ओले आहेत माझे. त्याला सांग, मिसेस के — नाही, काही नको सांगूस. आण. आण इकडे. आणि तू जा खाली. डाव्या हाताला कठडा आहे, धरून उतर. चादरी पलंगावरच आहेत. जा म्हणते ना!

हॅलो? हॅलो... अरे... ऐकू येतंय का? कोण काय विचारतोस — मी...

लोरेटा बोलतेय. मिल रोडवरून.